उरलेल्या चौदा फेऱ्या

आमच्या घरात माझ्या दुखण्याचं नाव कावीळ होतं. खरं नाव दवाखान्यातल्या जाड फायलीवर होतं, आणि ती फाईल आईनं ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत दडवून ठेवली होती. सात वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला. दहाची होईपर्यंत सुया, गोळ्या, पाठीच्या मणक्यातली ती इंजेक्शनं आणि उलट्या चालल्या, आणि मग त्या काळात फार थोड्या पोरांच्या वाट्याला यायचं ते माझ्या वाट्याला आलं, मी बरी झाले. एवढं सगळं झालं, पण इथल्या, कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरात, आमच्या गल्लीत कुणी विचारलं की आई एका दमात सांगायची, "कावीळ हो, वाईट कावीळ, जाता जाता राहिली पोर." केस गेले तेव्हा तिरुपतीला दिले म्हणून सांगितलं, आणि अगदीच खोटं नको म्हणून मागाहून मला खरंच तिरुपतीला नेऊन आणलं. तिथल्या न्हाव्यानं माझ्या गुळगुळीत डोक्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि नुसता पाण्याचा हात फिरवून सोडलं. माझ्या आईचं खोटं बोलणंसुद्धा असं नेमधर्माचं होतं.

दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक पडदा. पुढं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन शिलाई मशीनं. काम शाळांच्या गणवेशांचं, त्यामुळं आमच्याकडं ऋतू दोनच, शाळा उघडायच्या आधीचा आणि नंतरचा. पहाटे मशिदीतली बांग, मग बसस्टँडावरच्या कंडक्टरांचं 'मेजेस्टिक, मेजेस्टिक', मग मशीनं सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. अजूनही फार शांत जागी मला झोप लागत नाही, माझी मुलगी तिच्या व्हाइटफील्डच्या बाराव्या मजल्यावर राहायला बोलावते तेव्हा मी दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पळते. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात. हसू देत. किती पिढ्या झाल्या कोण जाणे, आम्ही इथं कपडे शिवतोय, आमच्या बोलण्यात थोड्याला 'स्वल्प' आणि बरंला 'सरी' इतके शिवले गेलेत की काढायला गेलं तर वाक्यच उसवेल.

दुकानातल्या शर्टांना काजं करायला आणि बटणं लावायला कमळाअक्का यायची. ती निपाणीकडची. नवरा वर्षातनं एकदा उगवायचा, तोही पैसे मागायला. सकाळी नऊला ती पोरीला काखेत मारून यायची आणि उंबऱ्यापाशी, उजेडाकडं तोंड करून बसायची. पोरीचं नाव मंजुळा. सहा वर्षांची, गालाला खळी, तोंड अखंड चालू. अण्णांनी तिला बिस्किटांचा एक जुना डबा दिला होता, जोडी हुकलेल्या बटणांनी भरलेला. ती मांडी घालून बसायची आणि बटणं एका गुडघ्यावरनं दुसऱ्या गुडघ्यावर मोजत न्यायची, "एक, दोन, मूरु, नाल्कु, पाच." अण्णा मशीन थांबवून विचारायचे, "मंजी, मध्येच कन्नड कुठनं आलं गं?" ती मान वर न करता म्हणायची, "तीन आन् चार कन्नडातच बरं लागतंय." रोज हेच संभाषण, आणि रोज अण्णा तितकेच हसायचे.

आता वैद्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खोटं एकदा सांगून भागत नसतं, बायका हळदीकुंकवाला जमल्या की तपशील मागतात. कुणाचं औषध दिलं? पथ्य काय? आईनं कनकपुऱ्याच्या रस्त्यावरच्या एका वैद्याचं नाव कुठंतरी ऐकलं होतं, ते तिनं ठोकून दिलं. तीन रविवार, पहाटे, उपाशीपोटी पाल्याचा रस, आणि वर बिनमिठाचा ताकभात. मग पुन्हा नेमधर्म आडवा आला. ती खरंच त्या वैद्याकडं जाऊन रस घेऊन आली आणि त्यातला एक चमचा माझ्या तोंडात ओतला. दर संक्रांतीला त्याला नारळ आणि पंचा पोचवायला लागली. तो वैद्य बिचारा लबाड नव्हता, त्याला खरंच वाटायचं की शिवाजीनगरच्या शिंप्याची पोर आपण उठवली. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं उदाहरण द्यायचा. लोक पत्ता विचारायला आमच्या दुकानात यायचे, आणि आई कापडाच्या नमुन्याच्या कागदामागं खडूनं रस्ता काढून द्यायची. खरी कावीळ झालेल्यांना गुणही आला असेल, ती पुष्कळदा आपली आपणच जाते.

धावायला मला अण्णांनी लावलं. दुखण्यातनं उठले तेव्हा माझे पाय काठ्या झाले होते, जिना चढताना मी रडायची. अण्णा मला पहाटे कब्बन पार्कात न्यायचे, एका हातात रागीच्या आंबिलीचा थर्मास, दुसऱ्या हातात माझी चप्पल, आणि मी अनवाणी पळायची. खाकी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतनं त्यांनी मला गुडघ्यापर्यंतची चड्डी शिवली होती, तिला आतल्या बाजूनं एक खिसा. ते कधी 'शाबास' वगैरे म्हणाले नाहीत. "स्वल्प अजून," एवढंच म्हणायचे. त्या 'स्वल्प अजून' वर मी सतरा वर्षांची होईपर्यंत कॉलेजात दहा किलोमीटर धावणारी एकुलती एक मुलगी झाले, आणि खरं सांगते, मला त्याची भयंकर घमेंड होती.

वर्षातनं एकदा मी तपासणीला जायची. तिथल्या डॉक्टरीणबाई, कन्नड बोलणाऱ्या, ठेंगण्या, रागीट, मला लहानपणापासून बघत आलेल्या. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एक धाव घ्यायची होती. बसवनगुडीतल्या एका कॉलेजच्या मैदानावर फेऱ्या मारायच्या, ओळखीच्यांनी दर फेरीमागं काही रक्कम कबूल करायची, आणि जमेल ते पोरांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला. "आम्ही औषध देतो ते परदेशातल्या पोरांच्या हिशेबानं," त्या म्हणाल्या. "आपली पोरं अर्धपोटी, उशिरा आलेली. आपल्या पोरांचं कुणी काही मोजलेलंच नाही." धावणाऱ्यांच्या कार्डावर शेवटी एक ओळ होती, 'मी का धावते?' आणि जे लहानपणी या दुखण्यातनं उठले त्यांना लाल टोपी. त्यांनी अशा पाचजणांना विचारलं होतं. चौघांच्या घरच्यांनी नको म्हणून कळवलं होतं. "तू टोपी घालून पळालीस ना," त्या मला म्हणाल्या, "की वॉर्डातल्या पोरांच्या आया त्या रात्री घरी जाऊन वेगळं बोलतील."

मी टोपी घरी आणली. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "धाव," ती म्हणाली. "पैसे गोळा कर, पुण्याचं काम आहे. पण ही घालायची नाही." कारण विचारायची गरजच नव्हती. माझी थोरली बहीण वत्सला, तिला मी अक्का म्हणायची, तिचं चिकपेटेतल्या एका कापडवाल्यांच्या घरी ठरलं होतं. लग्न माघात. तिचे होणारे सासरे रामचंद्रराव मोठे सभ्य गृहस्थ, त्यांनी माझ्या कार्डावर सगळ्यांत मोठी रक्कम घातली होती. त्यांना कळलं की धाकटीला असलं दुखणं झालं होतं, तर घराण्यातच आहे म्हणतील आणि पान मांडलेलं उठवतील, ही आईची धास्ती. मी टोपी आतल्या खिशात घातली आणि 'मी का धावते?' पुढं लिहिलं, 'व्यायामासाठी.'

कमळाअक्कानं आपण होऊन विचारलं, "कसलं कार्ड गं?" मी सांगितलं, आजारी पोरांसाठी. "मग माझं चार आणे लिही फेरीला." मी म्हटलं, "कमळाअक्का, पंचवीस फेऱ्या आहेत." "असूं दे की. लेकरांसाठी हाय न्हवं? मलाबी लेकरू हाय." तिनं दोऱ्यानं चिरलेल्या बोटांनी कार्डावर सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं.

धावेच्या तीन आठवडे आधी आमच्याकडं अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, घाट होता. थंडीत बाजारात या शेंगांचे ढीग येतात. दाणे भिजत घालायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातनं सुळकन बाहेर काढायचा, असं परातभर. हाताला येणारा तो तेलकट वास दोन दिवस जात नाही, आणि त्या दाण्यांच्या सारासाठी मी अजूनही कुठंही जाईन. आई, मी, अक्का, कमळाअक्का परातीभोवती बसलो होतो. एरवी मंजुळा या कामात पुढं, दाणा उडवून कुणाच्या तरी नाकावर मारायची. त्या दिवशी ती कमळाअक्काच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. परकर गुडघ्यापर्यंत सरकलेला, नडगीवर निळे-हिरवे डाग. एक नाही, पाच-सहा. "पडलीस काय गं?" मी विचारलं. "न्हाई की." ती बोलली तेव्हा दातांच्या कडेला रक्त होतं.

कमळाअक्का म्हणाली, "आठ दिस झालं, ताप येतोय आन् जातोय. खाईना झालीय. पिवळी पडल्यागत दिसतीय. वैनी, तुमच्या सरूला झाली तीच कावीळ नसंल न्हवं ही?"

आईची चिमूट थांबली. तिनं पोरीच्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो निळा रंग आम्ही दोघी ओळखत होतो. तीन वर्षं आईनं माझे पाय नव्या डागासाठी रोज तपासले होते. मला वाटलं, सांगणार. "दिसतेय खरी पिवळी," आई म्हणाली, आणि खडू आणायला उठली.

कमळाअक्का गेल्यावर मी चुलीपाशी आईला गाठलं. "आई, ती कावीळ नाही."

"तू डॉक्टर आहेस?"

"तुला ठाऊक आहे काय आहे ते. तिला दवाखान्यात ने म्हणून सांग."

"सांगते. लग्न होऊ दे."

"आई!"

"सरू, कळतंय मला!" ती एकदम ओरडली, मग पडद्याकडं बघून आवाज खाली आणला. "मी सांगितलं तर कमळी विचारणार नाही, वैनी, तुम्हाला कसं कळलं म्हणून? दोन दिवसांत चिकपेटेत पोचेल. वत्सूचं मोडलं तर तिला कोण करून घेणार? महिन्याभराचा प्रश्न आहे. आणि नसेलही ते. कावीळच असेल." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "देव करो कावीळच असो."

इथं मला आईवर सगळं ढकलून मोकळं होता येईल. तिचं वय झालं, गेली ती, आता कोण बोलणार आहे. पण आत्मकथन लिहायला बसलेय तर हे लिहिलंच पाहिजे की गप्प बसणं मलाही सोयीचं होतं. कॉलेजात मी धावणारी सरोज होते. कुणी माझ्याकडं बघून आवाज मऊ करत नव्हतं, कुणी माझा डबा बाजूला ठेवत नव्हतं. ते मी पायांनी कमावलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मी कमळाअक्काला आडून म्हटलं, "मंजीला एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून आण की." ती सुई थांबवून म्हणाली, "वैनी म्हणत्यात तीन रविवार पुरं करायचं. तूबी त्यानंच उठलीस न्हवं?" तिचा चेहरा माझ्याकडं लागलेला. मी म्हणाले, "हो." एवढाच शब्द. आयुष्यात मी लहानमोठं पुष्कळ खोटं बोलले असेन, त्यातलं दुसरं कुठलंच मला आज आठवत नाही.

तीन आठवडे मी रोज पहाटे पळाले आणि रोज सकाळी मंजुळा आणखी हलकी होऊन दुकानात आली. पथ्य म्हणून कमळाअक्कानं तिचं मीठ बंद केलं होतं. "सरूअक्का, भात गोडागोडाच लागतोय," ती कुरकुरायची. मी तिच्याकडं बघायची टाळायला लागले. बटणांचा डबा मांडीवर घेऊन ती नुसती बसायची, मोजायची नाही. अण्णांनी एकदा मुद्दाम विचारलं, "मंजी, आज कन्नड नाही?" ती म्हणाली, "दमलंय."

धाव तिसऱ्या रविवारी होती. मैदानाच्या कडेला मांडव, खुर्च्या, एका टेबलाशी डॉक्टरीणबाई. मांडवात पहिल्या ओळीत रामचंद्रराव आणि त्यांची बायको, शेजारी आई-अण्णा, नव्या साडीत अक्का. आठला आम्ही सुटलो. थंडी होती, अंग छान तापलं, पहिल्या सहा फेऱ्या कशा गेल्या कळलं नाही. सातव्या फेरीला दोरीपाशी कमळाअक्का दिसली. वैद्याकडचा शेवटचा रस पाजून ती कनकपुऱ्याच्या बसनं परस्पर मैदानावर आली होती, लेकीला सरूअक्काची धाव दाखवायला. मंजुळा तिच्या कडेवर, हातात डबा. "सरूअक्का!" तिनं हाक मारली. कमळाअक्का खाली बसली, आणि मला दिसलं, पोर डब्यातनं बटण काढून गुडघ्यावर ठेवत होती. माझ्या फेऱ्या मोजत होती.

आठव्या फेरीला पुन्हा हाक आली. नवव्याला नुसता हात हलला. दहाव्याला कमळाअक्कानं पोरीच्या नाकाला पदर लावला होता. ती फेरी मी कशी पुरी केली सांगता येत नाही. चारशे मीटर, आणि डोक्यात एकच, थांबेल, आता थांबेल, उष्णतेनं आलं असेल. अकराव्याला मी वळणावर आले तेव्हा पदर लाल होता, पोरीची हनुवटी लाल होती, पांढऱ्या झग्याचा गळा लाल होता, आणि कमळाअक्का तिची मान मागं धरून म्हणत होती, "गिळ, बाय, गिळ, उष्णता भाईर पडतीय."

मी दोरीखालनं वाकून तिच्या हातातनं पोर घेतली. वजनच नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडं पळत सुटले, कमळाअक्का मागनं, "अगं काय करतीस, सरू, कावीळ हाय तिला, कावीळ हाय!" आणि मी वळून ओरडले, मराठीत, मांडवासमोर, सगळ्यांसमोर, "कावीळ नाही! मलाही कावीळ नव्हती! मला कॅन्सर होता, अक्का, कॅन्सर! हिलाही तोच झालाय!"

डॉक्टरीणबाईंनी मंजुळाची पापणी खाली ओढली, नडगी बघितली, आणि माझ्याकडं न बघता कन्नडात म्हणाल्या, "गाडी बोलवा." पंधरा मिनिटांत मायलेकी गाडीतनं दवाखान्याकडं गेल्या. मैदानावर बाकीचे धावतच होते. गवतावर बटणं सांडली होती. मी गुडघ्यांवर बसून ती वेचली, कारण मांडवाकडं जायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी रामचंद्ररावच माझ्याकडं चालत आले. मागं आई, पदर तोंडाला लावलेला. मी उभी राहिले. म्हटलं, आता होऊन जाऊ दे. ते घसा खाकरून म्हणाले, "सरोज, हे आम्हाला ठाऊक होतं."

मला कळेना.

"स्थळ बघताना चौकशी करतातच की. त्या दवाखान्यात आमचा एक पाहुणा औषधांच्या खिडकीवर आहे. आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले घराण्यात चालणारं नाही ते. विषय संपला. तुम्ही कावीळ म्हणायचात, म्हणून आम्हीही कावीळ म्हणायचो. कशाला कुणाला अवघडवायचं?" ते अगदी मायेनं बोलत होते. त्यांच्या बायकोनं आईचा हात धरला होता.

नंतर हळूहळू कळत गेलं. समोरच्या किराणावाल्याला ठाऊक होतं, हळदीकुंकवाच्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं, तीन वर्षं मला रिक्षातनं नेणाऱ्या रिक्षावाल्याला तर ठाऊक असणारच. सगळे आमची मर्जी राखून कावीळ म्हणत होते. दहा वर्षं आईनं ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्यातलं कुणीच फसलं नव्हतं. ते खोटं खरं मानून त्याप्रमाणं वागलेलं माणूस एकच, आमच्या उंबऱ्यावर बसून काजं करणारी कमळाअक्का. अक्काचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. थाटात झालं. मी जेवले नाही.

मंजुळाला औषधं आधी लागू पडली. केस गेले तेव्हा कमळाअक्कानं कुणाला काही खोटं सांगितलं नाही. आई रोज डबा घेऊन वॉर्डात जायची, मीठ घातलेला मऊ भात, वर तूप. तिनं पुढं जन्मात कावीळ हा शब्द तोंडातनं काढला नाही, आणि वैद्याकडं जाऊन त्यालाही खरं सांगून आली. पण पावसाळ्यात मंजुळाला कसलासा संसर्ग झाला, अंगात ताकदच नव्हती. गणपतीच्या आधी ती गेली. सहाची सात व्हायची होती.

मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. दार लावलं आणि विचारलं, "तीन आठवडे आधी आली असती तर?"

त्या पेन ठेवून चिडून म्हणाल्या, "आपल्याकडच्या पोरांना तीन आठवड्यांनी काय फरक पडतो, हे मला माहीत असतं, तर तुला पळायला कशाला लावलं असतं?"

मी तिथंच रडले. त्यांनी मला रडू दिलं. आज तीस वर्षं होत आली, दर वर्षी मी त्या कामासाठी धावते, आता खुब्यामुळं धावणं कमी आणि चालणं जास्त. लोक टाळ्या वाजवतात, मुलाखत घ्यायला येतात, प्रेरणा कुठून मिळते म्हणून विचारतात. मी काहीबाही सांगते. खरं इथं लिहितेय.

मंजुळाचे दिवस झाल्यावर महिन्याभरानं कमळाअक्का कामावर आली. उंबऱ्यापाशी बसली, उजेडाकडं तोंड करून. अण्णांनी मशीन चालू करायच्या आधी कितीदा चष्मा पुसला. दुपारी मी कॉलेजातनं आले तर तिनं मला जवळ बोलावलं आणि रुमालाची गाठ सोडून नाणी पुढं केली. "अकरा फेऱ्यांचं. मोजून घे."

"अक्का, नको. मी कशी घेऊ?"

"बोलले ते बोलले." तिनं सुई ओवली. एक काज पुरं केलं. मान वर न करता म्हणाली, "त्या दाणे सोलायच्या दिवशी. तुला ठावं होतं न्हवं?"

पडद्यामागं आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. अण्णांचं मशीन थांबलं. या वेळी मी आडून काही बोलले नाही.

"हो," मी म्हणाले. "डाग बघितल्या बघितल्या."

तिनं दोरा दातानं तोडला. मला वाटलं, ती उठून जाईल, किंवा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं शर्ट घडी घालून बाजूला ठेवला, आणि म्हणाली, "पंचवीस म्हणाली होतीस. उरलेल्या चौदा कुठं हायत?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी पहिल्या बसनं बसवनगुडीला गेलो. मैदान रिकामं होतं. कमळाअक्का कडेच्या दगडावर बसली आणि पिशवीतनं बिस्किटांचा डबा काढून मांडीवर घेतला. मी आतल्या खिशातनं लाल टोपी काढली, डोक्यावर घातली आणि पळायला लागले. पहिल्या फेरीला तिच्यासमोरनं गेले तेव्हा तिनं बटण गुडघ्यावर ठेवलं, "एक." दुसऱ्या फेरीला, "दोन." श्वास लागला होता, डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं, मी तिसरं वळण घेऊन तिच्यापाशी आले, आणि डब्यात बटणं हलल्याचा आवाज आला.

"मूरु," कमळाअक्का म्हणाली.

मी पळत राहिले. पुढच्या फेरीला ती म्हणाली, "नाल्कु."